जहाज थांबेल का? मुंबई–लंडन प्रवासातील जोडण्यांचा इतिहास (थ्रेड)

१/ मुंबईहून युरोपला किंवा अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशाला दुबई, दोहा वा फ्रँकफर्ट येथे विमान बदलावे लागते, तेव्हा एक प्रश्न हमखास पडतो. दोन विमानांच्या मध्ये वेळ किती असावा? दीड तास पुरेल, की चार तास हवेत? हा प्रश्न विमानयुगाचा वाटतो. प्रत्यक्षात मुंबई बंदराला तो १८३० पासून परिचित आहे. त्या काळी चुकलेल्या जोडणीची किंमत आठवड्यांत आणि महिन्यांत मोजली जाई. आणि पुढच्या जहाजाची वाट पाहण्याच्या एका निर्णयापायी एकदा ३१ जणांचे प्राणही गेले. हा थ्रेड त्या इतिहासाचा.

२/ प्रथम पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई ते लंडन हा प्रवास आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपमार्गे होई. शिडाच्या जहाजाला त्यासाठी साधारणतः चार ते सहा महिने लागत. मार्ग लांबचा होता, पण त्यात एक सोय होती. एकदा जहाजावर पाऊल ठेवले की मध्ये कुठेही वाहन बदलावे लागत नसे. आजच्या भाषेत ती ‘डायरेक्ट’ सेवा होती. फार संथ, इतकेच.

३/ जवळचा मार्ग नकाशावर स्पष्ट दिसत होता. भूमध्य समुद्रातून अलेक्झांड्रिया, तेथून कैरो, मग वाळवंट ओलांडून सुवेझ आणि पुढे तांबड्या समुद्रातून मुंबई. यालाच ‘ओव्हरलँड रूट’ म्हणत. मात्र या मार्गाने जायचे तर एका समुद्रातले जहाज सोडून दुसऱ्या समुद्रातले जहाज गाठावे लागे. दोन्ही जहाजे वेगळी, त्यांचे मालक बहुधा वेगळे, आणि एक कोठे आहे हे दुसऱ्याला कळवण्याचे साधन उपलब्ध नाही. कनेक्शनची समस्या येथे जन्माला आली.

४/ ही समस्या स्वतःच्या देहावर सोसणारा पहिला प्रसिद्ध प्रवासी म्हणजे टॉमस वॅगहॉर्न. बंगालच्या किनाऱ्यावर पायलट म्हणून काम केलेल्या या इंग्रज खलाश्याला ओव्हरलँड मार्गाने टपाल लवकर पोहोचते हे सिद्ध करायचे होते. सरकारी खलिते घेऊन तो ऑक्टोबर १८२९ च्या अखेरीस लंडनहून निघाला आणि युरोप ओलांडून, ट्रिएस्ट व अलेक्झांड्रियामार्गे ८ डिसेंबरला सुवेझला पोहोचला. साधारण चाळीस दिवसांत! पुढे मुंबईला नेणारी कंपनी सरकारची आगबोट सुवेझला त्याची वाट पाहत असणार होती.

५/ आगबोट आलीच नव्हती. वॅगहॉर्नने एक उघडी होडी मिळवली आणि तांबड्या समुद्रातून दक्षिणेकडे, बोट वाटेत भेटेल या आशेने, सुमारे सहाशे मैलांवरील जेद्दा गाठले. तेथे त्याला कळले की बोट येणारच नाही. तो आजारी पडला. पुढे कंपनीच्याच दुसऱ्या एका जहाजाने त्याला उचलले आणि मार्च १८३० मध्ये तो मुंबईत उतरला. लंडन ते सुवेझ चाळीस दिवस आणि सुवेझ ते मुंबई शंभराहून अधिक! मार्ग चुकीचा नव्हता, वेगही कमी नव्हता. सारा घोळ जोडणीत झाला होता.

६/ योगायोग असा की त्याच महिन्यात, २० मार्च १८३० रोजी, ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुवेझकडे निघाली. ४११ टनांची ही बोट मुंबईच्याच गोदीत, वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेली. कमांडर जॉन विल्सन तिचा कप्तान. साडेपाच दिवस पुरेल एवढा कोळसा मावणाऱ्या या बोटीत अकरा दिवसांचा कोळसा कोंबला होता. केबिनांतही कोळसा. एडनला पोहोचली तेव्हा काही तासांपुरताच कोळसा शिल्लक होता.

७/ ह्यू लिंडसे सुवेझला पोहोचली ती सुमारे ३३ दिवसांनी. पण त्यांतले प्रत्यक्ष चालण्याचे दिवस होते जेमतेम एकवीस-बावीस. उरलेले अकरा-बारा दिवस एडन, मोखा, जेद्दा अशा बंदरांत कोळसा भरण्यात गेले. म्हणजे एकूण वेळेचा तिसरा हिस्सा थांब्यांनी खाल्ला. आजचा प्रवासीही हाच हिशेब करतो. उड्डाणाचा काळ तिकिटावर ठळक दिसतो. लांबलेला प्रवास मात्र बहुतेक वेळा जमिनीवरच लांबलेला असतो.

८/ १८३९ च्या जानेवारीत ब्रिटिशांनी एडन ताब्यात घेतले. त्यामागील कारणांत कोळशाच्या कोठाराची गरज हे एक महत्त्वाचे कारण होते. थांबा अटळ असेल तर तो आपल्या हुकमतीखाली असावा, असा हा साम्राज्यवादी विचार. एडनच्या लोकांना त्याची किंमत सव्वाशेहून अधिक वर्षे परकीय सत्तेच्या रूपाने मोजावी लागली. वेळापत्रकाच्या सोयीसाठी एक अख्खे बंदर गिळले गेले, हे या इतिहासात विसरता येत नाही.

९/ दुसरा अडथळा कोणाच्याच हुकमतीत नव्हता, तो म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारा. जून ते सप्टेंबर या काळात मुंबईहून एडनकडे जाणारी बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर चाले. सुरुवातीच्या कमी ताकदीच्या आगबोटींना ते झेपतच नसे. पुढे बोटी सुधारल्या, तरी पावसाळ्यातील फेऱ्यांसाठी वेळ वेगळा धरला जाई. ऋतू पाहून वेळ राखून ठेवायची असते, हे कोकणातल्या कोणत्याही तांडेलाला ठाऊक असलेले शहाणपण आगबोटींच्या वेळापत्रकात असे उतरले.

१०/ आता मधला टप्पा पाहू, कारण खरी कसोटी तेथे होती. अलेक्झांड्रियाला उतरलेला प्रवासी महमुदिया कालव्यातून होडीने नाईलपर्यंत जाई, तेथून नदीतल्या वाफेच्या बोटीने कैरो, आणि कैरोहून सुवेझपर्यंत सुमारे १३५ किलोमीटर वाळवंट. हे वाळवंट दोन चाकांच्या, घोडे-खेचरे जुंपलेल्या गाड्यांतून पार करावे लागे. सामान उंटांवर. कालवा, नदी, वाळू आणि समुद्र असा हा चार वाहनांचा प्रवास. म्हणजे एका तिकिटात तीन जोडण्या.

११/ वाळवंटात ठरावीक अंतरावर घोडे बदलण्याचे थांबे होते, पण एका बोटीतील सर्व प्रवाशांना एकाच वेळी पुरतील इतके घोडे कोठेच नव्हते. म्हणून प्रवाशांच्या तुकड्या पाडून त्या काही तासांच्या अंतराने सोडत. पहिल्या तुकडीतला प्रवासी सुवेझला पोहोचून जांभया देत बसे, तेव्हा शेवटच्या तुकडीतला अजून कैरोतच असे. आज तीनशे प्रवासी एकदम उतरतात आणि पासपोर्ट तपासणीच्या खिडक्या मात्र मोजक्याच उघड्या असतात. घोडे कमी पडण्याचेच हे नवे रूप होय.

१२/ यावर त्या काळाने शोधलेला एक उपाय फार रंजक आहे. कैरो आणि सुवेझ यांच्या दरम्यान वाळवंटात मनोरे उभारून त्यांवर सेमाफोर यंत्रणा बसवली होती. एका मनोऱ्याच्या दांड्यांच्या खुणा दुर्बिणीतून पाहून दुसरा मनोरा त्या पुढे पाठवी. सुवेझला बोट लागली ही बातमी अशा रीतीने कैरोत लवकर कळे आणि गाड्या, घोडे, उंट सज्ज होत. वॅगहॉर्नला १८२९ मध्ये जी एक गोष्ट मिळाली नव्हती, ती म्हणजे समोरचे जहाज कुठे आहे याची खबर. तीच आता विकत मिळू लागली.

१३/ १८३९ मध्ये मुंबईच्या वाडिया घराण्यातील तरुण अभियंता अर्देशीर कर्सेटजी याच मार्गाने इंग्लंडला गेले. त्यांनी या प्रवासाची दैनंदिनी लिहिली आणि ती १८४० मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. वाफेच्या यंत्रात आयुष्य घालवणाऱ्या या माणसाला इजिप्तमध्ये उंट आणि गाढवांच्या वेगाने जावे लागले. शृंखला तिच्या सर्वांत कमकुवत कडीइतकीच भक्कम असते, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार?

१४/ येथे मुख्य मुद्दा येतो. वाळवंटातल्या गाड्यांना उशीर झाला तर सुवेझची बोट निघून जाई का? बहुधा नाही. ती थांबे. कारण तिची खरी कमाई टपालात होती. पी अँड ओ कंपनीला सरकारकडून टपालवाहतुकीसाठी मोठी रक्कम मिळे. टपालाच्या पेट्या चढल्याशिवाय निघण्यात अर्थ नव्हता, आणि उगाच उशीर केल्यास करारानुसार दंड होता. प्रवाशांना टपालाच्या छत्राखाली आपोआप संरक्षण मिळे. जहाज माणसांसाठी थांबत नव्हते. ते पत्रांसाठी थांबत होते.

१५/ १८५६ मध्ये अलेक्झांड्रिया–कैरो आणि १८५८ मध्ये कैरो–सुवेझ रेल्वे सुरू झाली. घोडागाड्या इतिहासजमा झाल्या. १८५५ मध्ये दादाभाई नौरोजी इंग्लंडला गेले ते या बदलाच्या उंबरठ्यावर. आता दोन समुद्रांमधले अंतर दिवसांवरून तासांवर आले. जोडणी सुधारली तसा विश्वास वाढला. ‘पुढची बोट येणारच’ हे लोक गृहीत धरू लागले. या विश्वासाचीच एक भीषण कथा १८६९ मध्ये घडली.

१६/ १२ सप्टेंबर १८६९ रोजी पी अँड ओची ‘कार्नेटिक’ ही बोट प्रवासी, टपाल आणि ४०,००० पौंडांचे नाणे घेऊन सुवेझहून मुंबईकडे निघाली. मध्यरात्रीनंतर ती अबू नुहास या प्रवाळखडकावर चढली. बोट तरंगत होती, पंप चालू होते. कप्तान जोन्स यांना ठाऊक होते की कंपनीचीच ‘सुमात्रा’ ही बोट सुवेझकडे जाताना लवकरच तेथून जाईल. लहान होड्यांतून प्रवाशांना दूरच्या बेटावर पाठवण्यापेक्षा सुमात्राची वाट पाहणे त्यांना सुरक्षित वाटले. प्रवाशांनी विनवण्या केल्या; त्यांनी त्या मानल्या नाहीत.

१७/ रात्र गेली, सुमात्रा दिसली नाही. १४ सप्टेंबरच्या पहाटे पाणी बॉयलरपर्यंत पोहोचले आणि पंप बंद पडले. सकाळी कप्तानांनी अखेर होड्या सोडण्याचा हुकूम दिला. स्त्रिया आणि मुले होडीत बसत असतानाच, धडकेनंतर सुमारे ३४ तासांनी, कार्नेटिकचे दोन तुकडे झाले. ३१ जण बुडाले. वाचलेले शदवान बेटावर पोहोचले, आणि त्यांना तेथून उचलणारी बोट होती सुमात्राच! कप्तानांचा अंदाज बरोबर होता, सुमात्रा आली. ती यायला हवी होती त्यापेक्षा उशिरा आली. सारे गणित वेळेवर येणाऱ्या एका बोटीवर मांडले, तर ते कसे कोसळते याचे याहून विदारक उदाहरण सापडणे कठीण.

१८/ त्यानंतर दोनच महिन्यांनी, १७ नोव्हेंबर १८६९ रोजी, सुवेझ कालवा खुला झाला. वाहन बदलण्याची सक्ती संपली. तरीही इंग्लंडचे टपाल काही वर्षे इजिप्तमध्ये उतरून रेल्वेनेच जात राहिले, कारण कालव्यातून संथपणे सरकणाऱ्या बोटीपेक्षा ते जलद होते! १८७१ मध्ये आल्प्समधील मों सनी बोगदा सुरू झाल्यावर लंडनहून इटलीच्या ब्रिंडिसी बंदरापर्यंत रेल्वेने आणि पुढे बोटीने असा नवा मार्ग रूढ झाला. घाईत असलेल्याने जोडण्यांचा धोका पत्करायचा, निवांत असलेल्याने एकाच बोटीत बसून राहायचे. हा पर्याय आजही तिकीट काढताना समोर असतो.

१९/ ज्यूल व्हर्नची ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ ही कादंबरी नेमक्या याच काळातली. लंडन–सुवेझ ७ दिवस, सुवेझ–मुंबई १३ दिवस, मुंबई–कलकत्ता ३ दिवस, असे तिच्यातले गणित. फिलियस फॉग मुंबईत दोन दिवस आधी पोहोचतो. पुढे लोहमार्ग अपुरा असल्याने हत्तीवरून जावे लागते आणि ती दोन दिवसांची शिल्लक तेथे खर्ची पडते. शिल्लक होती म्हणून कलकत्त्याची बोट मिळाली! पुढे हाँगकाँगला त्याचे एक जहाज ठरल्यापेक्षा आधी निघून जाते. त्या जहाजाचे नाव? ‘कार्नेटिक’. कथा १८७२ ची, तेव्हा खरी कार्नेटिक तीन वर्षे समुद्रतळाशी होती.

२०/ वास्तवात मात्र १८७० मध्येच मुंबई–कलकत्ता लोहमार्ग पूर्ण झाला होता. भोर आणि थळ घाट आधीच पार झालेले. त्यामुळे साऱ्या हिंदुस्थानचे विलायती टपाल मुंबईत उतरू लागले. येथे वेळ वाचवण्याची एक अफलातून युक्ती केली गेली, ती म्हणजे समुद्री टपालकचेरी. १८६८ पासून टपाल खात्याचे कर्मचारी बोटीवरच पत्रांची गावनिहाय वर्गवारी करत येत. बोट धक्क्याला लागताच थैल्या थेट रेल्वेत. पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत ही व्यवस्था चालली. थांबा लहान करायचा असेल तर थांब्यावरचे काम आधीच उरकावे, हे यामागचे तत्त्व.

२१/ पुढे बॅलार्ड पिअरला बोटीच्या अगदी शेजारी रेल्वेस्थानक आले. १ सप्टेंबर १९२८ रोजी सुरू झालेली फ्रंटियर मेल विलायतेहून येणाऱ्यांच्या हंगामात तेथूनच पेशावरकडे निघे. प्रवासी बोटीतून उतरे आणि गाडीत चढे. बोट आणि गाडी एकमेकींच्या वेळा पाहून चालत. जगातील उत्तम जोडण्यांपैकी ही एक होती. अर्थात, ती कोणासाठी होती हेही ध्यानात घ्यावे. वसाहतीच्या अंमलदारांचा वेळ मौल्यवान मानला गेला होता. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशासाठी फलाटावरची प्रतीक्षा तशीच राहिली.

२२/ विमाने आली आणि जोडण्या पुन्हा वाढल्या! ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजची लंडन–कराची सेवा सुरू झाली. लंडनहून बाझेलपर्यंत विमान, तेथून जिनोआपर्यंत रेल्वे, जिनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान, मग कैरोपर्यंत रेल्वे, आणि पुढे कराचीपर्यंत दुसरे विमान. भाडे १३० पौंड, काळ सात दिवस. शंभर वर्षांपूर्वीच्या वॅगहॉर्नला हा आराखडा ओळखीचा वाटला असता.

२३/ कराचीला टपाल पोहोचले, पण मुंबई आणि मद्रासचे काय? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका लहानशा पुस मॉथ विमानातून कराचीहून निघाले, अहमदाबादला बैलगाडीतून आलेले इंधन भरले आणि दुपारी जुहूला उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा हा आरंभ. तो मुळात एक कनेक्टिंग फ्लाइट होता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. इम्पीरियलचे टपाल पुढे नेणे हेच या सेवेचे प्रयोजन होते.

२४/ पावसाळ्यात जुहूच्या मैदानाचा चिखल होई. विमान उतरवणे अशक्य. तेव्हा टाटांनी आपला मुक्काम पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवला. ना रेडिओ, ना धावपट्टी. तरीही त्या पहिल्या काळात या सेवेने वेळ पाळण्याचा शंभर टक्के विक्रम केला आणि सरकारी अहवालाने त्याची प्रशंसा केली. पाऊस कधी येणार हे ठाऊक होते, म्हणून पर्याय आधीच ठरवलेला होता. मोसमाशी झुंजण्यापेक्षा त्याला वेळापत्रकात जागा देणे, ही ह्यू लिंडसेच्या काळापासूनची शिकवण येथे कामी आली.

२५/ आज प्रत्येक विमानतळासाठी ‘किमान जोडणी-वेळ’ ठरलेली असते. काही ठिकाणी ती पाऊण तास, काही ठिकाणी दीड-दोन तास. त्याहून कमी वेळाची जोडणी एकाच तिकिटावर विकली जात नाही. पण ‘किमान’ या शब्दाचा अर्थ नीट घ्यावा. सारे सुरळीत घडले तर पुरेल इतका हा वेळ. त्यात धुके, रांग, दूरचे टर्मिनल यांची शिल्लक फारशी नसते. भारतात परदेशातून परतताना तर पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन आणि कस्टम्स पार करावे लागते, बहुधा सामानही घेऊन पुन्हा द्यावे लागते. मुंबईत सहारहून सांताक्रूझच्या टर्मिनलला जायचे तर मध्ये शहराचा रस्ता आहे, आणि तो कोणाचे वेळापत्रक पाळत नाही.

२६/ मूळ प्रश्न आजही तोच आहे: उशीर झाला तर वाट कोण पाहणार? एकाच तिकिटावरच्या दोन विमानांमध्ये जोडणी चुकली तर पुढची सोय करण्याची जबाबदारी साधारणतः विमान कंपनीवर असते. दोन वेगळी तिकिटे काढली तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तो प्रवासी केवळ ‘आलाच नाही’. सुवेझची बोट टपालासाठी थांबे, कारण न थांबण्याचे नुकसान तिचेच होते. आजचे विमान क्वचितच थांबते, कारण ते नुकसान प्रवाशाच्या खात्यावर टाकता येते. स्वस्त पडलेल्या दोन तिकिटांमागे हा हिशेब लपलेला असतो.

२७/ तेव्हा इतिहास साधे नियम सांगतो. मधल्या टप्प्यावर रांग कोठे लागेल ते आधी पाहावे. ऋतू ध्यानात घ्यावा. दिल्लीचे हिवाळी धुके आणि मुंबईचा जुलै यांना वेगळी शिल्लक लागते. त्या दिवशीचे शेवटचे विमान हीच आपली जोडणी असेल, तर वेळ दुप्पट धरावा. आणि जेथे चुकणे परवडणार नाही, म्हणजे परीक्षा, व्हिसाची मुलाखत किंवा आजारी आप्ताची भेट, तेथे एक रात्र आधी पोहोचावे. फॉगच्या हाती दोन दिवस शिल्लक होते, म्हणून त्याला हत्ती परवडला. वॅगहॉर्नच्या हाती काहीच नव्हते. त्याच्या वाट्याला उघडी होडी आली.

(थ्रेड समाप्त)